पंखावरची मुदत

बोट्सफ्योर्डला नोव्हेंबरात बुडालेला सूर्य
जानेवारी सरत आला की वर येतो.
तोवर आमचा कारभार दिव्यांच्या भरवशावर.

पहाटे साडेचारला मी आधी माझी गाडी खरवडते,
मग हातमोजे बदलून विमान.
गाडीच्या काचेला तळहाताएवढं भोक पुरतं,
उरलेला बर्फ वाटेत आपसूक सुटतो.
(पोलीस नसले तर.)
विमानाला असं भागवता येत नाही.
पंखावर पॉलिशपेपरइतकी खरखर राहिली
तरी हवा रुसते,
आणि हवेची समजूत काढायला
वर कुणाला वेळ नसतो.

आधी नारिंगी. कढत, दाबाने.
ते आहे तेवढं काढतं.
मग हिरवं. गार, मधासारखं दाट.
ते येणाऱ्याला थोपवतं.
किती वेळ, ते तक्त्यात बघायचं:
मध्यम बर्फ, उणे सहा, पस्तीस मिनिटं.
छत्तिसाव्याला पंख पुन्हा पोरका.

बाबा बोटीवरचा बर्फ लाकडी मोगरीने फोडायचे.
दोरखंड मांडीएवढे व्हायचे, कठडे भिंतीएवढे.
"खालून पाणी शिरलं तर दिसतं," म्हणायचे,
"वरून बर्फ चढला की बोट नुसती आळसावते.
कलली की सावरायला वेळ लावते.
तो वेळ मोजायला शिका."
तू नऊ वर्षांचा, मी बारा.
धक्क्याला बांधलेल्या बोटीवर आपण ठोकत बसायचो
आणि फुटलेला तुकडा तू चोखायचास,
खारट लागला तरी
दुसरा उचलायचास.

ती बोट सप्टेंबरात विकली गेली.
कागदावर तुझी सही, खाली माझीही,
त्यामुळे भांडावं कुणाशी तेच कळेना.
या खेपेला तू तीन दिवस राहिलास, तोर्गाइर.
तीन दिवस आपण टायरांविषयी बोललो.
खिळ्यांचे बरे की बिनखिळ्यांचे.
आज सकाळी तू टॅक्सी बोलावलीस,
मी त्याच विमानतळावर कामाला येत असताना.

पाळणा खाली घेताना सातव्या रांगेत दिसलास.
हुड, चष्मा, नळी, वाफ,
तरी ती मी आहे हे तुला ठाऊक होतं;
समोरच्या सीटच्या खिशाकडे
कुणी इतकं टक लावून बघत नाही.
नारिंगी, मग हिरवं. अंगठा वर. जा.

बर्फाचा जोर वाढला.
एस्किल नांगर घेऊन तिसऱ्यांदा पट्टीवर उतरला,
विमान टोकाला दिवे लावून उभं.
सव्वीस. एकतीस. चौतीस.
रेडिओवर कॅप्टन, जांभई दाबत:
"राग्नफ्रिद, परत येतोय. मुदत संपली."
मुकादम ओडवारने शिवी हासडली
आणि हिरव्याचा लिटरचा भाव सांगितला,
जसा काही मला माहीत नव्हता.

मी मात्र नळी जरा घाईनेच उचलली.
निरोप दिलेलं माणूस
असं अर्ध्या तासात माघारी येतं कुठे?

तू झोपला होतास.
गाल काचेला, तोंड उघडं,
खालचे दोन दात तसेच एकमेकांवर चढलेले.
काच तुझ्या श्वासाने आतून पांढरी झाली होती,
तिथे माझं कुठलंच पाणी पोचत नाही.

नारिंगी मारून झालं.
मग नियमाप्रमाणे हातमोजा काढून
पंखाची कड उघड्या तळव्याने चाचपली.
गुळगुळीत. ओली. स्वच्छ.
हात तिथे गरजेपेक्षा थोडा जास्त राहिला,
ओडवारने खालून हाक मारेपर्यंत.
मग हिरवं, सावकाश,
एकही जागा न सोडता.

या वेळी एस्किल पट्टीबाहेर होता.
एकोणीस मिनिटांत तू उडालास,
बहुधा झोपेतच.

घरी जायला निघाले तेव्हा
माझी गाडी पुन्हा पांढरी.
आणि हो, तुला सांगायचं राहिलं:
मोगरी माझ्या पडवीत आहे.
ती यादीत नव्हती.